टॉर्च आपल्या कामाची करा

रात्री लाईन आली की मोटार लावायला, धानाच्या बांधीतलं पाणी पाहायला आपण टॉर्च घेऊन निघतो. स्वस्त टॉर्चचा झोत दूरच्या झाडावर पडतो, पायाजवळ मात्र अंधार. आणि साप तर पायाजवळच असतो. म्हणून टॉर्च आपल्या कामाप्रमाणे बदलून घ्यायचा मला छंदच लागला.

पहिला बदल फुकटचा. काचेवर बटर पेपर चिकटवा. झोत पसरतो, पुढची चार पावलं नीट दिसतात. टॉर्च लहान असेल तर रुंद इलॅस्टिकची पट्टी शिवून कपाळावर बांधा. फावड्याला दोन्ही हात मोकळे!

दुसरा बदल रेझिस्टरचा. चार्जिंगच्या साध्या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा ४ व्होल्टची बॅटरी असते. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, उरलेलं रेझिस्टर सांभाळतो. तो १० ओहमचा असेल तर २० चा लावा. उजेड कमी होईल, पण बॅटरी जवळपास दुप्पट वेळ चालेल.

आता सावधगिरी. प्लग थेट २३० व्होल्टला लागतो, म्हणून चार्जिंग सुरू असताना टॉर्च कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही पिनांना लगेच हात लावू नका. जुन्या बॅटरीच्या जागी लिथियमचा सेल टाकू नका. त्याचं चार्जिंग वेगळं असतं, नाहीतर तो पेट घेऊ शकतो.

हे काम बायांचं नाही, असं कोणी म्हटलं तर सांगा, आयआयटी मुंबईच्या सोलर दिव्यांच्या प्रकल्पात गावातल्या बायांनीही दिवे जोडले. पुढच्या बैठकीला घरातली बंद टॉर्च घेऊन या.