वाचन अडते तेव्हा: पालक, शाळा आणि कायदा

डिस्लेक्सिया ही वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमता आहे. बुद्धी, नजर, कान सगळे ठीक असूनही मुलाला अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालणे जड जाते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत पहिलीत बहुतेक मुले करतात. ती तिसरी-चौथीतही सुटली नाही, तर लक्ष द्यायला हवे. 'पर्वत', 'प्रकाश', 'राष्ट्र' अशा शब्दांत रूप बदलणारा 'र' या मुलांना हमखास अडवतो. ऐकलेली गोष्ट मूल रंगवून सांगते, रायगड जिल्ह्यातल्या पेणजवळच्या एखाद्या घरच्या गणपती कारखान्यात सफाईने हात चालवते. फळ्यावरच्या दोन ओळी उतरवताना मात्र तास संपतो. अशा मुलावर 'आळशी' असा शिक्का बसतो, आणि वाचनाच्या अडचणीइतकेच नुकसान तो शिक्का करतो.

महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने डिस्लेक्सिया ज्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. ती लवकर ओळखून योग्य अध्यापन करावे, असे कलम १६ सांगते. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कलम १७ मध्ये आहे.

हक्क कागदावर असला तरी तो मागावा लागतो, आणि तोंडी मागणी टिकत नाही. वर्गशिक्षकांशी बोलून झाल्यावर पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. सोबत वहीची पाने जोडावीत: एकाच धड्याचे श्रुतलेखन आणि त्याच धड्यावर मुलाने तोंडी दिलेली उत्तरे. हा फरक पाहिला की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकांची मदत मागावी. दाद न मिळाल्यास पेण किंवा रोहा पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि पुढे अलिबागला जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. विषय तिथेही मांडता येतो.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची प्रक्रिया साधारणपणे मूल आठ वर्षांचे झाल्यावर होते. चाचणी मुलाच्या शिक्षणाच्या भाषेत व्हावी, असा आग्रह धरावा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. शिकवण्यासाठी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहू नये. जादा वेळाने पेपर पूर्ण होतो, वाचन येत नाही. त्यासाठी रोज थोडा वेळ उच्चार फोडून दाखवणे, अक्षर बोटाने गिरवत मोठ्याने म्हणणे, फळ्यावरचा मजकूर छापून देणे, हे करावे लागते.

दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे जातो. त्याच वर्षी धावाधाव सुरू करणे फार उशिराचे ठरते. गावची शाळा संपवून मूल पेण-रोह्याच्या हायस्कुलात जाते, तेव्हा नव्या वर्गशिक्षकांना आधीचे काहीच ठाऊक नसते. म्हणून अर्ज, पोच, तपासणीचा अहवाल आणि उपयोगी ठरलेल्या अध्यापनाची टिपणे यांची एक प्रत प्रवेशाच्या दिवशीच नव्या शाळेत द्यावी.