मधमाशी की नुसती माशी?

गेल्या पावसाळ्यात माझ्या परसातल्या काकडीच्या वेलावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या घोंघावू लागल्या. पोरांना चावतील म्हणून मी भर सकाळी औषध मारलं. माश्या गेल्या, पण कोवळ्या काकड्याही पिवळ्या पडून गळाल्या. शेजारच्या चवळीवर मावा चढला तो वेगळाच.

मग कळलं, त्यात दोघी होत्या. एक मधमाशी आणि दुसरी तिच्यासारखीच दिसणारी सिरफिड माशी.

ओळखायचं कसं? फुलावर बसली की नीट बघा. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, माशीला एकच. मधमाशीच्या मिशा लांब, कोपरात वाकवल्यासारख्या. माशीच्या अगदी आखूड. माशीचे डोळे एवढे मोठे की डोकं त्यांनीच भरलेलं. मधमाशीच्या मागच्या पायांवर बऱ्याचदा परागाचे पिवळे गोळे दिसतात. सिरफिड हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते आणि झटकन बाजूला सरकते. तिला नांगी नसते, ती डसत नाही.

मधमाशी नर फुलातले पराग मादी फुलावर नेते, म्हणून काकडी धरते. सिरफिड फुलांवर फिरते, शिवाय तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात. म्हणजे दोघीही आपल्याच कामाच्या. मी मात्र दोघींना एकाच पंपाने मारलं.

तेव्हा बायांनो, पंप उचलण्याआधी दोन मिनिटं वेलापाशी उभं राहा. फवारणी करावीच लागली, तर सकाळी फुलं उमललेली असताना नको. संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा. यंदा मी तसंच केलं, आणि वेल काकड्यांनी लगडलाय.