‘गोल्डनआय’ : एक चित्रपट, एक खेळ आणि कारागिरांच्या खुणा

(वासंतिक व्याख्यानमाला : पुष्प तिसरे)



एका हेरपटावर आणि त्यावरून निघालेल्या व्हिडिओ गेमवर व्याख्यान ठेवायला संयोजकांनी आनंदानं होकार दिला, त्याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो. या विषयातली माहिती बहुतेकांना फुटकळ वाटते. कुठल्या दृश्यात कुठला रणगाडा होता, कुठल्या बंदुकीला कुणाचं नाव दिलं, हे कळून काय करायचं? माझं म्हणणं असं, की कलाकृतीत एखादा विचित्र तपशील दिसला की त्यामागे कुणाचा तरी निर्णय असतो. त्या निर्णयामागे पैशाची ओढाताण असेल, कायद्याची अडचण असेल, सहकाऱ्याची गंमत असेल, नाहीतर निव्वळ हौस. त्या तपशिलाचं बोट धरून मागे गेलं की आपण थेट कारागिरांपाशी जाऊन पोचतो. आज १९९५चा ‘गोल्डनआय’ हा बाँडपट आणि १९९७चा ‘गोल्डनआय ००७’ हा खेळ, या दोघांच्या आधारानं मी तुम्हाला तिथवर नेणार आहे.

सुरुवात चित्रपटापासून करू. १९८९च्या ‘लायसन्स टू किल’नंतर सहा वर्षं बाँडपट आलाच नाही. मालकीहक्कांचे वाद न्यायालयात गेले होते. दरम्यान सोव्हिएत संघ कोसळला, शीतयुद्ध संपलं आणि या हेराला आता शत्रू कोण, असा प्रश्न उभा राहिला. टिमथी डाल्टन भूमिकेतून बाजूला झाले आणि पिअर्स ब्रॉस्नन आले. ब्रॉस्नन यांना ही भूमिका १९८६ सालीच मिळत होती, पण दूरदर्शन मालिकेच्या करारामुळे हातची गेली होती. दिग्दर्शक होते मार्टिन कॅम्पबेल. बाँडचा वरिष्ठ असलेल्या ‘एम’च्या खुर्चीत पहिल्यांदाच एक स्त्री बसली, जुडी डेंच. चित्रपटाचं नाव मात्र जुनं आहे. बाँडचे जनक इयन फ्लेमिंग यांच्या जमैकातल्या घराचं नाव ‘गोल्डनआय’. बाँडच्या कादंबऱ्या त्यांनी तिथंच लिहिल्या.

बाँडपटांचं हक्काचं घर म्हणजे लंडनजवळचा पाइनवूड स्टुडिओ. या वेळी तिथं जागा मिळाली नाही. मग निर्मात्यांनी लीव्ह्सडेन इथला रोल्स-रॉइसचा विमानइंजिनांचा बंद पडलेला कारखाना घेतला. दुसऱ्या महायुद्धात या ठिकाणी मॉस्किटो विमानं बांधली जात. तिथल्या प्रचंड शेडमध्ये सेट उभे राहिले आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत सेंट पीटर्सबर्गचे रस्ते. पुढे याच जागी हॅरी पॉटरचे चित्रपट तयार झाले. आज एवढा नावाजलेला हा स्टुडिओ, त्याची सुरुवात एका अडचणीतून झाली.

रणगाड्याच्या पाठलागाचं दृश्य तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. काही भाग खऱ्या सेंट पीटर्सबर्गमध्ये चित्रित झाला, बराचसा लीव्ह्सडेनच्या खोट्या रस्त्यांवर. रणगाडा जुन्या टी-५५ जातीचा. त्यावर खोटी चिलखती आवरणं चढवून त्याला नव्या रणगाड्याचं रूप दिलं होतं. आता त्याच्या पट्ट्यांकडे बघा. पोलादी पट्ट्यांनी शहरातली फरसबंदी उखडली असती, म्हणून ब्रिटिश चीफटन रणगाड्याच्या रबर लावलेल्या पट्ट्या त्याला बसवल्या. म्हणजे पडद्यावर भिंती फोडत सुटलेला हा राक्षस प्रत्यक्षात रस्त्याला ओरखडा उठू नये म्हणून जपून चालत होता. खलनायकाची चिलखती आगगाडीही तशीच. ती रशियात कधी गेलीच नाही. पीटरबरोजवळच्या नीन व्हॅली रेल्वेवर एका ब्रिटिश डिझेल इंजिनाला सोव्हिएत वेश चढवून ते काम भागवलं. सेंट पीटर्सबर्गचा विमानतळ म्हणून आपण जे पाहतो ती एप्सम डाउन्सच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची इमारत आहे.

दोन जागा मात्र अस्सल आहेत. पहिली स्वित्झर्लंडमधल्या व्हेरझास्का नदीवरचं धरण, उंची २२० मीटर. चित्रपटाच्या सुरुवातीला बाँड धरणावरून मारतो ती उडी स्टंटमन वेन मायकल्स यांनी तिथून खरोखर मारली. दुसरी पोर्तो रिकोमधली अरेसिबोची रेडिओ दुर्बीण. चित्रपटात ती क्यूबात, तळ्याच्या पाण्याखाली लपवलेली दाखवली आहे. अरेसिबोची तबकडी ३०५ मीटर व्यासाची होती आणि तिच्यावर सुमारे ९०० टनांचा मंच पोलादी दोरांवर लटकत असे. याच दुर्बिणीतून १९७४ साली हल्स आणि टेलर यांनी जोड-पल्सार शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९९३चं नोबेल मिळालं. म्हणजे बाँड तिथं पोचला तेव्हा त्या नोबेलला दोनच वर्षं झाली होती. खरी दुर्बीण आणि डेरेक मेडिंग्ज यांनी बनवलेली तिची छोटी प्रतिकृती यांची दृश्यं अशी मिसळली आहेत, की सांधा शोधूनही सापडत नाही. मेडिंग्ज चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी, १९९५मध्येच वारले. चित्रपट त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

आता खेळाकडे वळू. इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यात ट्वायक्रॉस नावाचं खेडं आहे. तिथल्या ‘रेअर’ या कंपनीत मार्टिन हॉलिस यांच्या हाताखाली जेमतेम दहाएक माणसांनी हा खेळ घडवला. बहुतेकांचा हा पहिलाच खेळ. सुरुवातीचा विचार साधा होता, डावीकडून उजवीकडे धावणारा बाँड. नंतर तो निन्टेन्डो ६४ या नव्या यंत्रासाठी करायचं ठरलं, पण ते यंत्रच अजून तयार नव्हतं. म्हणून सेगा सॅटर्नच्या कंट्रोलरमध्ये फेरफार करून त्यावर चाचण्या घेतल्या.

ही मंडळी चित्रीकरण चालू असताना लीव्ह्सडेनला जात होती. त्यांनी सेटचे फोटो काढले, आराखडे मिळवले. मला हा या साऱ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. चित्रपटाचा कॅमेरा सेटचा एक कोपरा दाखवतो आणि पुढे जातो. खेळणारा माणूस मात्र मागे वळून बघणार, दार उघडणार, जिना चढणार. त्यामुळे कॅमेऱ्याला ज्याची गरज नव्हती तेही या मंडळींना बांधावं लागलं. चित्रपटातला रासायनिक कारखान्याचा प्रसंग नामावलीच्या आधीच आटोपतो. खेळात त्याचे तीन स्वतंत्र टप्पे झाले: धरण, कारखाना आणि धावपट्टी. शिवाय हॉलिस यांच्या चमूची पद्धत उलटी होती. आधी जागा बांधायची, तिथं काय करायचं हे नंतर ठरवायचं. त्यामुळे काही खोल्यांना खेळात काहीच काम नाही. नेमक्या त्यामुळेच ती इमारत खरी वाटते, कारण खऱ्या इमारतीतही प्रत्येक खोली आपल्यासाठी बांधलेली नसते.

धरणाच्या टप्प्यावर याचा एक सुंदर पुरावा आहे. भिंतीवर उभं राहून दुर्बिणीच्या बंदुकीतून पाण्यापलीकडे पाहिलं, की दूर एक बेट दिसतं आणि त्यावर बांधकाम. तिथं जायचा रस्ताच नाही. मूळ बेतात त्या बेटाला काहीतरी काम होतं. बेत रद्द झाला, बेट राहिलं. खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्यावर तर्क लढवले. शेवटी काहींनी खेळाचे नियम चुकवू देणारं उपकरण यंत्राला जोडून पाण्यावरून चालत ते गाठलं. तिथं ना उद्दिष्ट होतं ना गुपित. पण मला ते बेट फार आवडतं. कामाचा कच्चा खर्डा सहसा कुणी प्रेक्षकाला दाखवत नाही, तो इथं उघड्यावर राहिला आहे.

दुसरा तपशील जरा जवळून पाहू. कारखान्याच्या टप्प्यात बाँडला एका दुहेरी हेराला भेटावं लागतं. तो शास्त्रज्ञाच्या पांढऱ्या कोटात असतो आणि दार उघडण्याचं साधन देतो. नाव डॉ. डोक. चित्रपटात असं पात्रच नाही. हे आहेत खेळाचे एक रचनाकार डेव्हिड डोक, चेहऱ्यासकट. ते जीवरसायनशास्त्राचे संशोधक होते, त्यामुळे विषारी रसायनांच्या कारखान्यातला शास्त्रज्ञ म्हणून ते शोभलेही. गंमत पुढे आहे. हे डोक दर खेपेला वेगळ्या ठिकाणी उभे असतात. सर्वांत अवघड पातळीवर हा टप्पा २ मिनिटं ५ सेकंदांच्या आत संपवला, तर बाँडला अभेद्य होण्याची सवलत मिळते. डोक जवळ सापडले तर जमतं, लांब उभे असले तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. जगभरच्या मुलांनी या एका माणसाच्या शोधात किती संध्याकाळी घालवल्या असतील!

पहारेकऱ्यांचे चेहरेही असेच. ते रेअरच्या कर्मचाऱ्यांचे फोटो आहेत आणि यंत्र ते आलटून पालटून लावतं. खऱ्या बंदुकांची नावं वापरली नाहीत, म्हणून वॉल्थर पीपीकेची ‘पीपी७’ झाली. सर्वांत कुचकामी, नेम न लागणाऱ्या बंदुकीचं नाव ‘क्लॉब’. हे नाव निन्टेन्डोचे केन लॉब यांच्यावरून आलं. कंपनीतल्या माणसाचं नाव बंदुकीला द्यायचं आणि तेही सर्वांत वाईट बंदुकीला, हे एकमेकांवर विश्वास असलेल्या माणसांतच शक्य आहे.

चौघांनी मिळून खेळायचा भाग हा या खेळाच्या लोकप्रियतेचा कणा. तो मूळ योजनेत नव्हताच. अगदी शेवटच्या महिन्यांत स्टीव्ह एलिस यांनी तो जोडला आणि वरिष्ठांना ते नंतर कळलं. त्यात जुन्या चित्रपटांतली पात्रं आली. सगळे बाँड एकत्र आणायचाही बेत होता, पण चेहऱ्यांच्या हक्कांपायी तो सोडावा लागला. ‘गोल्डफिंगर’मधला ऑडजॉब मात्र आला, तोही बुटका होऊन. चित्रपटातले हॅरॉल्ड सकाटा चांगले धिप्पाड होते. खेळात तो इतका ठेंगणा, की गोळी डोक्यावरून जाते. म्हणून मित्रामित्रांत ‘ऑडजॉब घ्यायचा नाही’ हा अलिखित नियम पडला. त्याला घेणं म्हणजे लबाडीच, हे खेळ घडवणाऱ्यांनीही पुढे मान्य केलं.

आणि सर्वांत खोल गाडलेली गोष्ट. खेळाच्या कार्ट्रिजची जागा फक्त १२ मेगाबाइट. २०१२ साली उत्साही मंडळींनी त्यातला मजकूर उकलला, तेव्हा आत १९८०च्या दशकातल्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकाची नक्कल करणारी प्रणाली बंद अवस्थेत सापडली. सोबत रेअरच्याच पूर्वसुरींचे दहा जुने खेळ होते. हा एक प्रयोग होता. तो बंद केला, पण काढून टाकला नाही. एका कार्ट्रिजमध्ये एका कंपनीची दोन पिढ्यांची स्मृती पंधरा वर्षं कुणाला न दिसता राहिली.

एक गोष्ट मात्र घडता घडता राहिली. निन्टेन्डोचे शिगेरू मियामोटो यांनी फॅक्सनं सूचना पाठवल्या होत्या. मारामारी फार जवळून आहे, मन खिन्न होतं, तेव्हा शेवटी खेळणाऱ्यानं इस्पितळात जाऊन जखमी शत्रूंशी हस्तांदोलन करावं, असं त्यांनी सुचवलं. हॉलिस यांनी इस्पितळ घेतलं नाही, पण सूचना मनावर घेतली आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीसारखी पात्रांची ओळख करून देणारा भाग जोडला. हे सारे नट आहेत, कुणी खरोखर मेलेलं नाही, हे त्यातून सांगायचं होतं. हिंसेच्या खेळात सभ्यता कुठं ठेवायची, याचा विचार त्या माणसांनी केला होता.

हा खेळ चित्रपटानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, ऑगस्ट १९९७मध्ये आला. व्यापाराच्या हिशेबानं हा उशीरच. तरी त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि २०२३ साली तो एक्सबॉक्स आणि स्विचवर परत आला. त्याचं कारण या तपशिलांत आहे. घाईनं उरकलेल्या कामात फक्त गरजेपुरतं असतं. रबराच्या पट्ट्या, रिकामी खोली, न गाठता येणारं बेट या गोष्टी तिथंच सापडतात, जिथं माणसं कामात गुंतलेली असतात.

म्हणून तरुण मित्रांना माझी एक विनंती आहे. असे तपशील जरूर गोळा करा, पण यादीवर थांबू नका. प्रत्येक तपशिलाला ‘हे असं का?’ एवढं विचारा. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या माणसाच्या नावापाशी जाऊन थांबेल: मेडिंग्ज, मायकल्स, हॉलिस, डोक, एलिस. नायकाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. ही नावं श्रेयनामावलीत असतात आणि ती सुरू झाली की आपण उठतो. पुढच्या वेळी तेवढी दोन-तीन मिनिटं बसून राहा. ज्यांनी आपल्याला इतका आनंद दिला, त्यांची नावं वाचणं हा त्यांचा हक्काचा मान आहे आणि तो आपण द्यायलाच हवा.