जोडप्याला जोडप्याची सोबत

(रौप्य महोत्सवी स्नेहसंमेलनात, सोसायटीतील जोडप्यांच्या गटाच्या वतीने केलेले भाषण)



महोत्सव समितीने मला विषय दिलाय : आपल्या सोसायटीतला जोडप्यांचा गट कसा उभा राहिला आणि तो पुढे कसा वाढवायचा. टाकी, लिफ्ट, गळती, पार्किंग यांचा हिशेब दर वर्षी सर्वसाधारण सभेत होतो, आणि चांगला दोन-तीन तास होतो. या गटाचा हिशेब मात्र कधीच झाला नाही. आमच्याकडे ना पावतीपुस्तक, ना इतिवृत्त, ना व्हॉट्सॲप ग्रुप. हे सगळं मुद्दाम नाही ठेवलेलं. का, ते पुढे येईलच. आणि आज मी ज्यांच्याबद्दल काही सांगणार आहे, त्यांना आधी विचारलं आहे. ज्यांना विचारलं नाही, त्यांच्याबद्दल एक शब्दही बोलणार नाही.

आपण बरेचजण इथे राहायला आलो ते चाळीतून, वाड्यातून, नाहीतर गावाकडच्या मोठ्या घरातून. तिथे नवरा-बायकोचं वाजलं की तिसऱ्या खोलीपर्यंत ऐकू जायचं. त्याचा जाच होता, विशेषतः सुनांना. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण एक होतं. भांडण फारच ताणलं, तर एखादी मोठी जाऊ किंवा शेजारच्या काकू "जरा विरजण आहे का हो?" म्हणत आत यायच्या. विरजण नको असायचं, हे दोघांनाही कळायचं. तेवढ्यात आवाज खाली यायचे. आपण ब्लॉकमध्ये आलो, दाराला लॅच आलं, आणि कितीतरी बायकांना पहिल्यांदा हक्काचा एकांत मिळाला. तो हवाच होता. पण त्याच लॅचने विरजण मागणाऱ्या काकूही बाहेर राहिल्या.

आमचा गट सुरू झाला तो एका कोजागरीला. दूध पिऊन झालं, मुलं खाली गेली आणि गच्चीवर तीन जोडपी उरली. तिन्ही घरांतले नवरे नुकतेच निवृत्त झालेले. आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच माझ्या स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावून टाकले होते. गूळ, चहा, जिरं असं करत करत हळद अगदी शेवटी, वरच्या फळीवर. फोडणी जळायची वेळ आली तरी हळद हाताला लागेना! मी हे सांगितलं, सगळे हसले, आणि मग बाकीच्या दोघींनीही आपापले डबे उघडले. तेव्हा एकजण हळूच म्हणाले, "छत्तीस वर्षं सात बाराची लोकल पकडली. आता सकाळी सात बाराला काय करायचं तेच कळत नाही." त्यांच्या बायकोने हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. घरी दोघं पेपरवरून आणि पंख्याच्या स्पीडवरून भांडत होते.

त्या रात्री आम्हाला जे कळलं, त्यावरच हा गट आजवर चाललाय. घरात बोललं की जी तक्रार होते, तीच गोष्ट दुसऱ्या जोडप्यासमोर बोलली की माहिती होते. समोर कुणीतरी ऐकणारं बसलेलं असलं की माणूस आवाज खाली ठेवतो, वाक्य पूर्ण करतो, आणि मुख्य म्हणजे आपला जोडीदार शेवटपर्यंत काय म्हणतोय ते ऐकतो.

आमच्यातल्या एक वहिनी समाजकार्य शिकलेल्या. त्यांनी सांगितलं की ही कल्पना आपल्याआधी इतरांनाही सुचली आहे. डेव्हिड आणि व्हेरा मेस नावाचं एक ब्रिटिश जोडपं होतं. इंग्लंडमध्ये विवाह मार्गदर्शनाचं काम उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. नंतर ते अमेरिकेत गेले आणि १९७३ साली, स्वतःच्या लग्नाला ४० वर्षं झाली तेव्हा, त्यांनी तिथे जोडप्यांची एक संघटना सुरू केली. तिचं वेगळेपण असं की गट चालवायला दोघांनी मिळून बसायचं, आणि लग्नावर व्याख्यान न देता स्वतःच्या संसाराबद्दल मोकळेपणाने बोलायचं. संसार मोडायला आला की मगच मदत शोधायची, ही सवय त्यांना बदलायची होती. दात दुखायला लागल्यावरच दातांच्या डॉक्टरांकडे जायचं, अशातली ती सवय. आपल्याकडेही तेच आहे. १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालयं आली, तिथे समुपदेशक असतात, ते मनापासून काम करतात. पण त्यांच्या टेबलापर्यंत जोडपं पोहोचतं तेव्हा बहुतेक वेळा अर्ज दाखल झालेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, या साठी-सत्तरीच्या माणसांना काय कळतं? ते शिकलेले समुपदेशक थोडेच आहेत? नाहीच आहोत. पण आमच्याकडे एक गोष्ट आहे. अमेरिकेतले जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी विद्यापीठात चक्क एक ब्लॉक सजवून प्रयोगशाळा केली आणि जोडपी तिथे कशी बोलतात, कशी भांडतात, याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना असं आढळलं की नवरा-बायकोतले सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात. ते सुटत नाहीत, कारण ते दोघांच्या स्वभावातूनच आलेले असतात. टिकणाऱ्या संसारातही ते असतातच. फरक त्याबद्दल बोलण्याच्या पद्धतीत असतो. वाद चालू असतानाही चांगली जोडपी एका कडू शब्दामागे पाच तरी बऱ्या गोष्टी करतात : मान हलवतात, हसतात, "हे तुझं बरोबर आहे" म्हणतात.

हे आकडे नव्या जोडप्याला पुस्तकातही वाचता येतील. पण आमच्याकडे चहाला आलं, की त्यांना तो कायमचा मतभेद प्रत्यक्ष दिसतो. ह्यांना गाडी सुटायच्या एक तास आधी स्टेशनवर हजर व्हायचं असतं, मला पाच मिनिटं आधी. गेली बेचाळीस वर्षं आम्ही यावर भांडतोय. अजून निकाल नाही. पण आता भांडता भांडता मी डबा भरते आणि हे रिक्षा बोलावतात. लग्नाला दोन वर्षं झालेल्या मुलीला वाटत असतं की आपलं भांडण मिटत नाही म्हणजे आपलं लग्नच चुकलं. तिला हे एकदा बघायला मिळालं तर ती जरा श्वास घेते. म्हणून लक्ष्मी-नारायणाचा जोडा वगैरे आमच्या गटात कुणी नाही, आणि असेल तर त्यांचा आम्हाला फारसा उपयोगही नाही.

आता काम कसं चालतं ते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दीड तास बसतो. त्याशिवाय एखाद्या जोडप्याला हवं असेल तर एक साथीदार जोडपं मिळतं. ते अधूनमधून भेटतात, फिरायला जातात, चहा घेतात. नियम मोजके आहेत.

जोडपं भेटतं ते जोडप्यालाच. एकट्या बाईचं एकट्या पुरुषाने किंवा एकट्या पुरुषाचं एकट्या बाईने ऐकायचं नाही.

ऐकायचं, निवाडा द्यायचा नाही. आम्ही पंच नाही. "जुळवून घे गं" हे वाक्य गटात बंद आहे, कारण ते नेहमी एकीलाच सांगितलं जातं.

साथीदार जोडपं त्याच विंगमधलं नसावं. ए विंगला बी किंवा सी विंगमधलं. लिफ्टमध्ये रोज तोंड चुकवावं लागू नये, एवढंच कारण.

ऐकलेलं बाहेर जाणार नाही. कार्यकारिणीकडे नाही, सासू-सासऱ्यांकडे नाही, आपल्या मुलांकडेही नाही. कागदावर काही लिहायचं नाही, मोबाइलवर काही पाठवायचं नाही. म्हणूनच आमचं इतिवृत्त नाही. आपल्या सोसायटीत पाणी गेल्याची बातमी पंपाच्या आधी पोहोचते. अशा ठिकाणी विश्वास हेच आमचं एकमेव भांडवल आहे. ते एकदा सांडलं की गट संपला.

आणि शेवटचा नियम : स्वतःच्या घरात अवघड काळ चालू असेल तर गटातून रजा घ्यायची. विचारणार कुणी नाही.

एक मर्यादा मात्र मला स्पष्ट सांगायची आहे, कारण यात कुणाच्या जिवाचा प्रश्न असू शकतो. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, पैसे किंवा फोन काढून घेऊन कोंडणं आहे, तिथे चहा आणि गप्पा हा उपाय नव्हे. तिथे आम्ही दोघांना समोरासमोर बसवत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक आहेत. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. हे सगळे क्रमांक आता सूचना फलकावर लावले आहेत. आमचं काम अशा वेळी तिच्याबरोबर जाणं, एवढंच.

मला कधी कधी विचारतात, "तुमचा गट असूनही अमुक घर मोडलंच ना?" हो, काही जोडपी वेगळी झाली. प्रत्येक लग्न टिकवायचंच, असा विडा आम्ही उचललेला नाही. पण वेगळं होताना दोघांनी मुलाला निरोप्या बनवलं नाही, एकमेकांच्या आई-वडिलांचा अपमान केला नाही, हेही मी पाहिलं आहे. तेही कमी नाही.

आता एका काकांबद्दल सांगते. पहिल्या तीन जोडप्यांपैकी हे एक. काकू गेल्या तेव्हा काका म्हणाले, "जोडप्यांच्या गटात मी एकटा कशाला?" आणि ते यायचे बंद झाले. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या लक्षात आलं होतं की तरुण जोडपी शनिवारी येत नाहीत, त्याला लाज किंवा संकोच हे कारण नाही. लहान मूल कुणाकडे ठेवायचं, हा साधा प्रश्न होता. मग ह्यांनी काकांकडे जाऊन विचारलं. तेव्हापासून दुसऱ्या शनिवारी काकांच्या घरी कॅरम, पत्ते, चित्रांच्या वह्या आणि चुरमुऱ्यांचा डबा असतो. दोन बहिणी त्यांच्या मदतीला असतात, मुलांचा दंगा चालतो, आणि त्यांचे आई-बाप दीड तास एकमेकांकडे बघून बोलू शकतात. आमच्या गटात जोडपी वाढली ती माझ्या भाषणांमुळे नव्हे. काकांनी दार उघडलं म्हणून वाढली.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिल्या तीन जोडप्यांपैकी एक मुलाकडे नाशिकला गेलं. काका एकटे आहेत. आम्हा दोघांचे गुडघे काय म्हणतात ते जिना चढताना तुम्ही ऐकलंच आहे. आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय येणार. तेव्हा दोन-तीन वर्षं, कदाचित जास्तच, आपण सगळे भाड्याच्या घरांत विखुरणार. नवीन घर, बदललेली शाळा, भाड्याचा चेक वेळेवर येतोय की नाही याची काळजी, आई-वडिलांची औषधं. संसारावर ताण येतो तो अशाच वेळी, आणि नेमकी तेव्हाच शेजारची ओळखीची दारं नसणार. त्या वेळी गट उभा असायला हवा, तर माणसं आत्ता तयार व्हायला हवीत.

ती कशी तयार करायची? दही लावताना आपण काय करतो? आजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी बाजूला काढून ठेवतो. तेवढंच पुरतं. जास्त घातलं तर दही आंबतं. गट वाढवायचा तो याच बेताने. पोस्टर लावून, नावनोंदणी करून तीस जोडपी एकदम आली तर गुपितं राखली जाणार नाहीत. म्हणून प्रत्येक जोडप्याने आपल्यापेक्षा निदान दहा वर्षांनी लहान असं एकच जोडपं तयार करायचं. त्यांनी आधी तीन शनिवार नुसतं बसायचं. मग सहा महिने फक्त आपल्याच संसाराबद्दल बोलायचं. मग जुन्या जोडप्याबरोबर साथीदार म्हणून जायचं, आणि त्यानंतर स्वतंत्रपणे. एका जोडप्याकडे एका वेळी दोनापेक्षा जास्त जोडपी नकोत, नाहीतर स्वतःच्या घरी चहा प्यायला वेळ उरत नाही. साधारण वर्षभर लागतं. घाई नाही, पण थांबूनही चालणार नाही.

तर माझी मागणी सरळ आहे. पस्तीस ते पन्नास या वयातली चार जोडपी या वर्षी हवी आहेत. संसार आदर्श असण्याची अट नाही, भांडत असलात तरी चालेल. महिन्यातून एक शनिवार आणि तोंड बंद ठेवण्याची तयारी, एवढंच लागतं. आणि ज्यांना गटात यायचं नाही पण लहान मुलांचा दंगा आवडतो, त्यांनी काकांना भेटावं. कॅरमच्या दोन सोंगट्या हरवल्या आहेत, त्याही कुणी आणून दिल्या तर उपकार होतील.

येत्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला हॉल उघडा असेल. दोघंही या.