मुलासाठी जुना रेझर

पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, मी चालवतो, आणि माझ्या मुलानं चालवायला नकार दिला. रसायनशास्त्र शिकला आणि रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. पेणहून रोहा म्हणजे मध्ये कासू, नागोठणं. काही परदेश नव्हे. तरी चार महिने आमचं बोलणं त्याच्या आईमार्फतच चाललं होतं.

एका रविवारी ही रोह्याला जाऊन आली आणि म्हणाली, "अहो, त्याच्या गळ्यावर नुसते फोड आलेत."

कॉलेजपासून राखलेली दाढी त्याला उतरवावी लागली होती. कारखान्यात वायू गळला तर तोंडावर मास्क चढवायचा असतो, आणि कातडी व रबर यांच्यामध्ये दाढीचे खुंट आले की तो घट्ट बसत नाही. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आले तेव्हा सैनिकांनाही हीच सक्ती झाली. १९१८ साली अमेरिकन सैन्यानं आपल्या शिपायांना सेफ्टी रेझर वाटले होते. गिलेटला त्याचं पेटंट मिळून तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती.

मुलगा वापरत होता तो दोन-तीन पात्यांचा प्लास्टिकचा रेझर. त्यात पुढचं पातं केस ओढून धरतं आणि मागचं तो कातडीच्याही खाली कापतं. राठ केस वाढताना आतच वळतो आणि फोड येतो. आमच्या घराण्याचा केस राठच. वडिलांनी जन्मभर एकाच ब्लेडच्या रेझरनं दाढी केली, मीही करतो. म्हटलं, वाढदिवसाला त्याला तोच द्यावा.

पहिल्यांदा अर्थातच वडिलांचा रेझर काढला. आजोबांची वस्तू नातवाला, याहून चांगलं काय? पण डोक्याच्या कडेचा मुलामा उडून धातूला खड्डे पडले होते. कापसाचा बोळा फिरवला तर तंतू अडकले. कापूस अडकतो तिथे गाल काय सुटणार! तो परत डबीत ठेवला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मुंबईला गेलो, जुन्या बाजारात. एका विक्रेत्यानं चकचकीत रेझर पुढे केला. दांडा फिरवला की वरची दोन दारं फुलपाखरासारखी उघडायची. "साहेब, १९३० चा माल." उलटा करून पाहिलं, तर बारीक अक्षरात 'एफ ४'. या कंपनीच्या अमेरिकेत बनलेल्या १९५० नंतरच्या रेझरांवर अक्षर सालाचं असतं आणि आकडा तिमाहीचा. एफ म्हणजे १९६०. तीस वर्षांची थाप मी सोडूनही दिली असती, पण एक दार किंचित वाकलं होतं. ब्लेड बसवून समोरून पाहिलं, तर एका बाजूला धार जास्त बाहेर. गणपतीच्या दोन डोळ्यांत केसाएवढा फरक मला चालत नाही, इथे कसा चालावा?

शेवटी पेटीच्या तळाशी मळलेला 'टेक' सापडला. हा नमुना कंपनीनं १९३८ साली काढला. दांडा आणि डोक्याचे दोन भाग, असे तीनच तुकडे. दारं नाहीत, स्प्रिंग नाही, म्हणजे बिघडायलाही काही नाही. शिवाय धार फारशी बाहेर येत नाही, नवशिक्याला बरा. आटे शाबूत होते, दोन्ही कडा सारख्या होत्या. गंमत म्हणजे आपल्या गल्लीतल्या दुकानात मिळणारं दुधारी ब्लेड त्यात आजही नेमकं बसतं.

घरी आल्यावर ही चिंच घेऊन धावली, देवाची भांडी घासायला घेतात तशी. मी हात धरला. जुना मुलामा पातळ असतो, आंबटानं आणि घासण्यानं तो निघून येतो. कोमट पाणी, साबण, जुना दातांचा ब्रश, मग स्पिरिट. एवढं पुरलं.

आषाढातला रविवार होता. भर हंगामात कारखाना सोडून रोह्याची गाडी पकडली. दार त्यानंच उघडलं. "बाबा? तुम्ही?" यापुढे दोघांनाही काही सुचेना, म्हणून मी डबी पुढे केली.

मोरीतल्या आरशासमोर उभे राहिलो. म्हटलं, दाबू नकोस, त्याचं वजनच पुरतं. तिरका धर. केसाच्या ओढीनं खाली आण. पोरानं रेझर हातात घेतला तो आंगठा आणि दोन बोटांत, टोकाशी, अगदी हलका. आखणीचा ब्रश असाच धरतात. दहाव्या वर्षी मीच शिकवलं होतं. त्याच्या मनगटाकडे बघत मी गप्प उभा राहिलो.

कानाखाली एकदा लागलंच. खिशातली तुरटी दिली. ती गालावर फिरवत, आरशातूनच बघत त्यानं विचारलं,

"डोळे किती राहिलेत आखायचे?"

"दोनशेच्या वर."

"पुढच्या रविवारी सुट्टी आहे मला," तो म्हणाला आणि दुसऱ्या गालाला साबण लावायला लागला.