हातातला जीपीएस आणि नखाएवढं कार्ड



सह्याद्रीत धुकं उतरलं,
की दहा पावलांवरची वाट दिसत नाही.
मोबाइलला रेंज नसते.
अशा वेळी हातातलं जीपीएस यंत्र मोठा आधार देतं.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा.
उपग्रहांच्या संदेशांवरून यंत्राला आपली जागा कळते.
नकाशा आकाशातून येत नाही.
तो आधीच यंत्रात भरावा लागतो.

यंत्रातली जागा अपुरी पडली,
तर कामी येतं मायक्रो एसडी कार्ड.
करंगळीच्या नखाएवढं!

गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स 20 या यंत्रात ते सेलखाली बसतं.
आधी यंत्र बंद करा.
मागचं झाकण उघडा, दोन्ही सेल काढा.
धातूची छोटी पट्टी सरकवून उचला.
कार्डाची सोनेरी बाजू खाली ठेवा.
पट्टी बंद करा आणि पुन्हा सरकवून घट्ट करा.

नकाशे कुठून आणायचे?
ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या माहितीवरून केलेले नकाशे मोफत मिळतात.
समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला नकाशा निवडा.
रेषा दाटीवाटीनं आल्या, की समजा, पुढं तीव्र उतार आहे.

कार्ड किती क्षमतेचं चालेल,
ते यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पाहा.
नकाशाची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवा.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी,
घरीच यंत्र सुरू करा.
जिथं जायचं, तो डोंगर पडद्यावर दिसतोय ना, ते पाहा.

पुन्हा सांगते,
जागा उपग्रहांमुळे कळते,
नकाशा मात्र आपणच सोबत न्यायचा.

सांभाळून जा, सुखरूप परत या.