उसने बळ



पेरणी आटोपली आहे, पीक हाती यायला अजून अवकाश आहे आणि घरातली कणगी रिकामी झाली आहे. अशा वेळी शेतकरी काय करतो? भाऊबंदांच्या घरून पायली-दोन पायल्या धान्य उसने आणतो आणि दिवस काढतो. माणसाच्या शरीरावरही असा प्रसंग येतो. आज मी त्या उसनवारीविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

आपल्या रक्तात रोगजंतूंशी झुंजणारी काही द्रव्ये असतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. एकेका जंतूसाठी, एकेका विषासाठी वेगळे प्रतिपिंड. कुलपाला जशी किल्ली, तसे ते त्यालाच बसते. लस टोचणे म्हणजे या प्रतिपिंडांचे बी पेरणे. पेरले की लगेच पीक येत नाही, काही आठवडे जावे लागतात. पण एकदा शेत तयार झाले की ते पुष्कळ वर्षे देत राहते. परंतु आज, या घटकेला गरज असेल तर? तर तयार धान्यच आणावे लागते. म्हणजे दुसऱ्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे आणून टोचावी लागतात.

ही युक्ती बेरिंग आणि किटासाटो या दोन शास्त्रज्ञांनी १८९० साली बर्लिनमध्ये दाखवून दिली. घटसर्प आणि धनुर्वात या रोगांच्या विषाला पचवलेल्या जनावराचे रक्तजल दुसऱ्या जनावराला दिले, तर तेही वाचते, असे त्यांना आढळले. पुढे हीच युक्ती सापाच्या विषावर लागू पडली. घोड्याला अगदी थोड्या मात्रेत विष टोचतात, मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोडा मरत नाही, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, आणि त्या रक्तापासून सर्पदंशावरील औषध बनते. मुंबईला परळमध्ये हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या काळात, १८९९ साली, ती जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. तिने हे औषध बनवून खेड्यापाड्यांतील असंख्य प्राण राखले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषावर मिळून ते एकच औषध असते. आपल्याकडे इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या बाजूला भाताच्या आवणीच्या दिवसांत ज्याला पान लागले, त्याला मांत्रिकाच्या ओट्यावर न नेता सरळ दवाखान्यात न्यायचे ते याच घोड्याच्या उसनवारीसाठी! पिसाळलेला कुत्रा खोल चावला, तर लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडेही टोचतात. कारण लसीचे पीक येईपर्यंत विषाणू थांबत नाही. ही प्रतिपिंडे आता घोड्यावाचून, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडूनही करवून घेता येतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तसे औषध २०१७ साली बाजारात आणले.

हे झाले एखाद्या दिवसाच्या अडचणीचे. आता तुम्ही म्हणाल, ज्याच्या शेतात बीच रुजत नाही, त्याने काय करावे? आजचा खरा विषय तोच आहे.

१९५२ साली अमेरिकेत कर्नल ऑग्डेन ब्रूटन नावाचे बालरोगतज्ज्ञ लष्करी रुग्णालयात काम करीत होते. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा पुनःपुन्हा न्यूमोनिया आणि रक्तातील जंतुबाधा घेऊन येई. औषधाने बरा होई, पुन्हा पडे. ब्रूटन यांनी त्याला त्या जंतूंची लस टोचून पाहिली. पण रक्तात प्रतिपिंडे काही दिसेनात. रक्ताची बारकाईने तपासणी केली, तेव्हा उलगडा झाला: ज्या प्रथिनांत प्रतिपिंडे असतात ती गॅमा ग्लोब्युलिन नावाची प्रथिनेच त्या मुलाच्या रक्तात नव्हती. शेत होते, पण पीक मुळीच नव्हते. ब्रूटन यांनी निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन त्याला दर महिन्याला टोचायला सुरुवात केली, आणि त्या मुलाची भयंकर दुखणी थांबली. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या उणिवेचे निदान आणि उपचार यांचा मार्ग येथून मोकळा झाला. आज अशा पाचशेहून अधिक जन्मजात उणिवा ठाऊक झाल्या आहेत.

योगायोग असा, की त्याच १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी ‘बॉम्बे’ नावाने जगभर प्रसिद्ध झालेला दुर्मिळ रक्तगट जगापुढे मांडला. रक्ताच्या या अभ्यासातूनच परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील एक मोठी संस्था उभी राहिली. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. आज तिला राष्ट्रीय प्रतिकार-रुधिरशास्त्र संस्था म्हणतात. डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे प्रतिकारशक्तीच्या जन्मजात उणिवा शोधण्याचे काम वाढवले. रक्तातील पेशी एकेक करून प्रकाशझोतासमोरून नेणारे यंत्र तेथे आहे. कोणत्या पेशी आहेत आणि कोणत्या नाहीत, हे त्यावर मोजता येते. गंमत पाहा, पेशी ओळखण्यासाठी त्यांना जी चकाकणारी खूण लावतात, तीही प्रतिपिंडांचीच! जवळच लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. तेथेही अशा मुलांवर उपचार होतात. म्हणजे सकाळी नाशिक रोडला गाडी धरली, की दुपारपर्यंत जेथे पोचता येते, तेथे ही विद्या आहे.

उपचार कसा असतो? हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे वेगळी करतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून देतात. उसने धान्य ते, पुरते तेवढेच दिवस. म्हणून हा उपचार बहुधा जन्मभर चालतो, आणि तो स्वस्त नाही. काही मुलांची तर जमीनच नापीक असते. त्यांना भावंडाचा किंवा जुळणाऱ्या दात्याचा अस्थिमज्जा देऊन नवी जमीन करून द्यावी लागते. अशा काही आजारांसाठी केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम त्यातील एक मान्य केंद्र आहे.

आता शिक्षकबंधू आणि भगिनींनो, तुमच्याशी दोन शब्द. मी सिन्नर तालुक्यातल्या शाळेत चौथीत असताना माझ्या शेजारी एक मुलगा बसे. त्याचा कान सदा फुटलेला. वास येतो म्हणून आम्ही पोरे पट्टी सरकवून लांब बसत असू. त्याची आज मला लाज वाटते. महिन्यातून दहा दिवस तो येतच नसे. गुरुजी हजेरी घेताना त्याचे नाव आले, की आम्हीच ओरडायचो, “आजारी!” एका पावसाळ्यात तो गेला. लोक म्हणाले, पोर मुळातच नाजूक होते. त्याचे दोन मामा असेच बालपणी गेले होते, हे पुढे आजीकडून कळले. कोणी म्हणाले, आईच पांढऱ्या पायाची. त्याला कोणता आजार होता, हे मी सांगणार नाही. कारण त्याचे रक्त कोणी तपासलेच नाही. पण ‘मामा असेच गेले’ हे वाक्य ऐकून आज कोणताही जाणता डॉक्टर कान टवकारील. ब्रूटन यांनी वर्णिलेला आजार आईकडून मुलग्याकडे उतरतो. आई स्वतः धडधाकट असते. त्यात तिचा दोष तिळमात्र नाही. काही उणिवा आई आणि बाप दोघांकडून येतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जेथे आहे, तेथे त्यांचा संभव वाढतो.

म्हणून खुणा लक्षात ठेवा. वर्षात चार-पाच वेळा सर्दी झाली तर घाबरू नका, ते लहान मुलांचे नेहमीचेच आहे. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा अधिक वेळा कान फुटणे, वारंवार खोल गळवे, वर्षाच्या पुढेही तोंडातली बुरशी न जाणे, दोन महिने औषध घेऊनही गुण न येणे, वजन न भरणे, घरात मुले लहानपणी दगावलेली असणे, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा. शाळा तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकापुढे त्याला आधी उभे करा. आणखी एक: घरात आधीचे मूल अशा दुखण्याने गेले असेल, तर नव्या बाळाला बीसीजी टोचण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगा, कारण ती जिवंत लस अशा बाळाला बाधू शकते. बाकी सर्वांनी लसी वेळच्या वेळी घ्याव्यात, त्यात कसूर नको.

शेवटी एक सांगतो. उसने बळ घेण्यात कमीपणा नाही, कारण आपण सारेच उसन्या बळावर जगात आलो आहोत. आई आपली प्रतिपिंडे बाळाला पोटातच देते. ती सुमारे सहा महिने पुरतात. पहिल्या चिकातूनही ती देते. म्हणून चीक फेकू नये. सहा महिन्यांनी आईची शिदोरी सरते, आणि ज्याचे शेत पिकत नाही त्याचे हाल तेव्हापासून सुरू होतात. त्याला पुढची शिदोरी रक्तदात्याने द्यायची, डॉक्टराने ती पोचवायची. पण ‘या मुलाची शिदोरी सरली आहे’ हे प्रथम ओळखायचे कोणी? बहुधा शिक्षकानेच. हजेरीपटावर एकाच नावापुढे गैरहजेरीच्या खुणा दाटू लागल्या, तर नाव कमी करण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन या.